अळीला सवय झालेली नाही



पऱ्हाटीत डोमकळ्या दिसायला लागल्या की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अळीले आता बीटीची सवय झाली राजा, काही उपयोग नाही." कृषी केंद्राच्या बाकावर हेच, बाजारात हेच. परवा एका शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडूनही हेच ऐकलं. वाक्य साधं वाटते, पण ते खरं नाही. ह्याच वाक्याच्या भरवशावर आपण बियाणं घेतो, फवारा ठरवतो, पऱ्हाटी किती दिवस उभी ठेवायची ते ठरवतो. म्हणून आज ह्यावरच लिहितो.

पोस्ट लांब आहे. संध्याकाळी हातपाय धुऊन निवांत वाचा. घरात नववी-दहावीचं लेकरू असेल तर त्यालाही जवळ बसवा. ह्यातलं निम्मं त्याच्या पुस्तकात आहे आणि निम्मं तुमच्या वावरात.

माझं शिक्षण दहावी पास, पुढं वावर. यंदा पुतणी दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तिचं पाठांतर घेता घेता मीच तो धडा तीनदा वाचला. उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माकड आणि माणूस येतो, लाखो वर्षांची गोष्ट येते. मला मात्र त्या धड्यात सारखी गुलाबी बोंडअळीच दिसत होती. आपल्या पिढीनं उत्क्रांती आपल्या वावरात, पंधरा वर्षांच्या आत पाहिली. फक्त तिचं नाव आपल्याला माहीत नव्हतं.

सवय म्हणजे काय

खर्रा खाणाऱ्याला खऱ्र्याची सवय लागते. पहिल्या दिवशी गरगरते, महिन्याभरात काही वाटत नाही. पण त्याचं पोरगं जन्मतःच खऱ्र्याला सरावलेलं नसते. त्याला पहिल्या दिवशी गरगरतेच. आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या पोरींचे कान टोचतात, तरी एकही पोरगी टोचलेल्या कानांची जन्मली नाही. बैलाची शिंगं कितीही साळा, वासराला ती आपल्या वाणाचीच येतात.

आयुष्यात कमावलेली गोष्ट रक्तातून खाली उतरते, असं एकेकाळी मोठे विद्वानही मानत. लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०९ मध्ये तसं पुस्तक लिहिलं. जिराफानं मान ताणली, ती लांब झाली, मग पोरांची आणखी लांब झाली, असं ते म्हणणं. पुतणीच्या पुस्तकात जिराफाचं हे उदाहरण आहे आणि ते मत का टिकलं नाही तेही दिलं आहे. "अळीले सवय झाली" हे आपलं वाक्य म्हणजे तोच जिराफ.

आता अळीचं बघा. अंड्यातून निघालेली बारीक अळी फुलात नाहीतर बोंडात शिरते आणि खाणं सुरू करते. बीटीचं प्रथिन पोटात गेलं की साधी अळी दोन-चार दिवसांत संपते. मेलेल्या अळीला सवय कशाची लागणार? तिला पोरं होत नाहीत, ती कोणाला काही शिकवत नाही. जी मेली नाही, तिची गोष्ट वेगळी आहे.

मग झालं काय

बीटीचं प्रथिन अळीच्या पोटात किल्लीसारखं काम करते. आतड्याच्या आतल्या बाजूला काही ठरावीक जागा असतात, त्यांना कुलूप समजा. किल्ली कुलपात बसली की आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. कुलूप कसं घडवायचं ते अळीच्या जनुकात लिहिलेलं असते. पिढ्यान् पिढ्या त्या लिखाणाची नक्कल होत असताना क्वचित कुठंतरी एखादं अक्षर चुकते. त्याला पुस्तकात उत्परिवर्तन म्हणतात. अशा चुकीमुळं एखाद्या अळीचं कुलूप वाकडं होते. किल्ली बसत नाही, म्हणून अळी मरत नाही.

मुख्य गोष्ट ही, की अशा वाकड्या कुलपाच्या थोड्या अळ्या बीटी यायच्या आधीपासूनच असणार. बीटीनं त्या घडवल्या नाहीत. बीटी नव्हतं तेव्हा वाकड्या कुलपाचा फायदाही नव्हता, म्हणून त्या गर्दीत हरवलेल्या होत्या. बीटी आलं, सरळ कुलपाच्या मेल्या, वाकड्या कुलपाच्या राहिल्या. पुढची पिढी राहिलेल्यांची झाली.

आमचे वडील खळ्यावर ज्वारीची कणसं निवडायचे. भरदार, टपोऱ्या दाण्याचं, कीड नसलेलं कणीस वेगळं काढून बियाण्याला टांगून ठेवायचे, बाकीची खायला. दहा-वीस वर्षांत त्या ज्वारीचा वाणच पालटला. वडिलांनी एकाही ताटाला काही शिकवलं नव्हतं. कोणाचं बी पुढं जाईल, एवढंच ठरवलं होतं. डार्विननं १८५९ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ काढला, त्यातलं पहिलं प्रकरणच पाळलेल्या जनावरांवर आणि लावलेल्या पिकांवर आहे. माणूस निवड करून वाण बदलतो, तसा निसर्गही निवड करतो, हे सांगायला त्यानं सुरुवात आपल्यासारख्यांच्या कामापासून केली.

आपण ज्वारीचं बियाणं निवडलं. बीटीच्या वावरानं अळीचं बियाणं निवडलं. फरक इतकाच, की ज्वारीची पिढी वर्षाला एक, आणि गुलाबी अळीच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या. मादी शंभर-दोनशे अंडी घालते. वडिलांना वीस वर्षं लागली, ते काम अळीचं चार-पाच वर्षांत होऊ शकते.

वाटाणा, आणि ब-ट चा हिशेब

इथपर्यंत डार्विन झाला. पण डार्विनला एक गोष्ट उलगडली नव्हती, की गुण आई-बापाकडून पोरात उतरतात तरी कसे. ते त्याच काळात एका मठातला पाद्री शोधत होता. ग्रेगोर मेंडेल. आजच्या चेक देशातल्या ब्रनो गावचा. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यानं मठाच्या बागेत वाटाणा लावला आणि मोजला. १८६६ मध्ये छापलं. कोणी लक्ष दिलं नाही. १९०० मध्ये, तो वारल्यावर सोळा वर्षांनी, जगाला किंमत कळली. मला हा माणूस आवडतो, कारण त्यानं काम आपल्यासारखंच केलं. पेरलं, तोडलं, सोललं, मोजलं.

पिवळ्या दाण्याच्या आणि हिरव्या दाण्याच्या वाटाण्याचा त्यानं संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे. हिरवा गेला कुठं? ती झाडं आपसात फळू दिली. दुसऱ्या पिढीत ६०२२ दाणे पिवळे आणि २००१ हिरवे. जवळपास तीनास एक. हिरवा मेला नव्हता, पिवळ्याच्या आड लपला होता.

त्यावरून त्यानं ताडलं, की प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही वेगळ्या असल्या तर एक बोलते, दुसरी गप्प राहते. बोलणारीला प्रभावी म्हणतात, गप्प राहणारीला अप्रभावी. गप्प राहणारी दोन्हीकडून आली तरच तिचा गुण दिसतो. आजोबांचे घारे डोळे पोरात न दिसता नातवात दिसतात, तसलाच हा प्रकार.

आता हेच अळीला लावू. साध्या कुलपाची चिठ्ठी म्हणजे 'ब', बळी पडणारी. वाकड्या कुलपाची 'ट', टिकणारी. गुलाबी अळीत ही 'ट' बहुतेक करून गप्प राहणारी आहे. म्हणजे

बब अळी बीटी खाऊन मरते.
बट अळी पण मरते.
टट अळी वाचते.

आता डोकं लावा. समजा हजार चिठ्ठ्यांत एक 'ट' आहे. मग टट अळी किती? हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. अख्खं वावर पालथं घातलं तरी दिसणार नाही. पण बट अळ्या हजारात दोन आहेत, म्हणजे पाचशेत एक. 'ट' चिठ्ठी त्यांच्या पोटात लपून फिरते आहे.

चिठ्ठ्या वाढत वाढत दहात एक झाल्या, की टट होतात शंभरात एक. आता एखाद्या बोंडात दिसते, आपण म्हणतो, "असंच एखादं." चिठ्ठ्या निम्म्या झाल्या, की टट शंभरात पंचवीस. आता आपण कपाळाला हात लावतो.

म्हणून असं वाटते की वर्षानुवर्षं काहीच नव्हतं आणि दोन हंगामांत एकदम अळी आली. एकदम काही आलं नव्हतं. हिशेब आधीपासून आत चालू होता, डोळ्यांना उशिरा दिसला. हा आकड्यांचा खेळ मी समजावणीसाठी मांडला आहे, पण चाल हीच.

पाकिटातलं ते लहान पाकीट

आता आश्रय ओळींकडं या. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं लहान पाकीट यायचं. वावराच्या चारी बाजूंनी पाच ओळी, नाहीतर २० टक्के क्षेत्रावर ते लावायचं, असा नियम. बहुतेक ठिकाणी ते धुऱ्यावर फेकलं गेलं, कोठ्यात पडून राहिलं, कोणी तुटीच्या जागी टोचलं. कास्तकाराला दोष देणं सोपं आहे. पण त्याला कोणी कधी सांगितलं का, की ह्या ओळी कशासाठी? "नियम आहे, लावा." अळीला जागा द्यायला पैसे खर्चून आपली पऱ्हाटी का द्यायची, हा प्रश्न रास्तच होता. त्यात काही पाकिटांतलं बी उगवणीला अर्धं, फुलोरा मागंपुढं.

आमच्या घरी ते पाकीट दरवर्षी लागलं, त्याचं कारण विज्ञान नव्हतं. वडील म्हणत, "बी फेकत नसतात." एवढंच.

खरं कारण मेंडेलमध्ये आहे. आश्रय ओळीत बीटी नाही, म्हणून तिथं बब अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग होतात, भरपूर. बीटीच्या वावरातून एखादाच टट पतंग निघतो. आजूबाजूला सगळे बब, म्हणून त्याची सोयरीक बब शीच होते. एकाकडून 'ट', दुसऱ्याकडून 'ब'. सगळी पोरं बट. आणि बट पोरं बीटी खाऊन मरतात. म्हणजे टिकणाऱ्या अळीचा वंश लग्नानंच मोडला. औषध नाही, फवारा नाही.

आश्रय ओळी नसतील तर त्या टट पतंगाला टटच भेटतो. सगळी पोरं टट. सगळी जगतात.

त्या पाच ओळी म्हणजे साध्या अळीचं माहेर होतं. आपण अळीला दानधर्म करत नव्हतो, आपल्याच बियाण्याचं आयुष्य वाढवत होतो.

सुरुवातीची वर्षं बरी का गेली, हेही ह्यातच आहे. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली तेव्हा चार वावरं बीटीची आणि चाळीस साधी होती. शेजाऱ्याची साधी पऱ्हाटीच फुकटात आश्रय ओळींचं काम करत होती. पुढं देशातली ९० टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीची झाली आणि माहेर उठलं.

हिरव्या अळीचं तसं का झालं नाही

कोणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी आहे. मग डोळ्यांसमोरचा पुरावा घ्या. हिरवी अळी, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, तिनं नव्वदच्या दशकात आपल्याला रडवलं. बीटी आलं मुळात तिच्यासाठी. तेच बीटी, तीच वर्षं, तीच वावरं. तरी हिरवीवर बीटी अजून बऱ्यापैकी चालते आणि गुलाबीवर नाही. का?

हिरवी अळी सतराशे साठ गोष्टी खाते. तूर, हरभरा, टमाटे, मका. ह्या कोणत्याच पिकात बीटी नाही. म्हणजे पऱ्हाटीच्या मधे लावलेली तुरीची ओळ हीच तिची आश्रय ओळ. साध्या हिरव्या अळ्या तिथं जगतात, पतंग होतात आणि टिकणाऱ्यांशी सोयरीक करतात. गुलाबीचं पोट मात्र जवळपास फक्त कपाशीवर. भेंडी-अंबाडीवर क्वचित. कपाशी सगळी बीटी झाली, की तिला दुसरं माहेरच उरलं नाही.

एवढा स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम करायला गेलं असतं तर जमला नसता.

एका बोंडातलं मेंडेलचं गणित

आता जरा अवघड भाग आहे, पण कृषीच्या पोरांनी नीट वाचावा.

कपाशीचे संकरित वाण व्यापारी पातळीवर पहिल्यांदा आपल्याच देशात आले. सुरतेत १९७० मध्ये निघालेला एच-४ हा पहिला. बाकी देशांत बहुतेक सरळ वाण चालतात. सरळ वाणात बीटीच्या दोन्ही चिठ्ठ्या असतात, म्हणून त्याच्या प्रत्येक सरकीत बीटी असते. आपलं बियाणं संकरित. बीटीची चिठ्ठी बहुधा एकाच पालकाकडून आलेली. झाडाच्या पानात, पात्यात, बोंडाच्या सालीत बीटी असते, कारण ते झाड स्वतः बीटी आहे. पण बोंडातली सरकी म्हणजे झाड नाही. सरकी ही त्या झाडाची पोरं. मेंडेलची दुसरी पिढी.

२००६ मध्ये बीजी-२ आलं, त्यात दोन वेगळी बीटी जनुकं आहेत. पुतणीच्या मागच्या वर्षीच्या पुस्तकात द्विसंकराचं ९:३:३:१ हे गुणोत्तर आहे. पोरं ते घोकून विसरतात. तेच आपल्या बोंडात बसलं आहे. सोळा सरक्यांत साधारण ९ मध्ये दोन्ही बीटी, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही. बोंडात ३२ सरक्या धरल्या, तर १८, ६, ६ आणि २.

आणि गुलाबी अळी खाते काय? सरकीच. हिरवी अळी पाती, फुलं, बोंडं पोखरत फिरते. गुलाबी एकाच बोंडात शिरते, भोक बुजते, आणि आत बसून ह्या सरकीतून त्या सरकीत जाते. कुठं विष दुहेरी, कुठं एकेरी, कुठं शून्य. बट अळी, जी दुहेरी विषानं नक्की मेली असती, तिला अशा बोंडात जगायची संधी मिळते. गप्प राहणारी चिठ्ठी अशानं लवकर वाढते. आपल्याकडं गुलाबी लवकर का टिकली, त्यामागं हेही एक कारण असल्याचं कापूस संशोधकांनी मांडलं आहे.

शेतकऱ्यानं काय केलं, काय नाही केलं, ह्यावर भाषणं खूप झाली. पण हे ९:३:३:१ शेतकऱ्यानं पेरलेलं नव्हतं, ते पाकिटातूनच आलं होतं. एवढं तरी नोंदीत राहावं.

दुसरीकडं काय झालं

ही अळी मूळ ओळखली गेली ती आपल्याच देशातल्या कपाशीवर, १८४३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. अमेरिकेत ती १९१७ मध्ये टेक्सासात सापडली. तिथल्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी आहे. आश्रय क्षेत्र नियमानं ठेवलं गेलं आणि दहा वर्षं अळी टिकाऊ झाली नाही. २००६ पासून तर त्यांनी वांझ केलेले पतंग विमानानं सोडले. माहेर ठेवण्याऐवजी थेट वांझ जोडीदारच पुरवले. २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कपाशीतून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथं जमीनधारणा मोठी, कास्तकार थोडे, सरकारचा पैसा मागं. आपल्याला ते जसंच्या तसं जमणार नाही, हे कबूल. पण अळी तीच होती आणि बीटी तेच होतं.

चीनमधली गोष्ट आणखी मजेची. यांगत्से नदीच्या खोऱ्यात संकरित कपाशीचं दुसऱ्या पिढीचं बी स्वस्तात विकलं जाऊ लागलं. मेंडेलच्या हिशेबानं त्यातली पाव झाडं बिगर-बीटीची निघाली. कोणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येक वावरात आपोआप आश्रय झाडं उभी राहिली. गुलाबी अळीतला प्रतिकार, जो आधी वाढत चालला होता, तो परत खाली आला. २०१७ मध्ये हे संशोधन छापून आलं.

आणि त्याच २०१७ मध्ये आपल्याकडं काय झालं, ते सांगायला नको. गुजरातेत पहिल्या बीटीवर गुलाबी टिकल्याचं २०१० मध्येच जाहीर झालं होतं. पुढं बीजी-२ वरही ती टिकली. २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून जळगावपर्यंत बोंडं किडली. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत पिवळी पडलेली रुई आणि गुलाबी अळी. आमच्या चार एकरांत दुसऱ्या वेचणीनंतर वेचायला बाया यायला तयार नव्हत्या, कारण कवडी कापूस सुटत नव्हता आणि दिवसाला पाच किलो भरत नव्हता. आमच्या धुऱ्याच्या ओळी होत्या, तरी झालं. पतंगाला सातबारा कळत नाही. एका वावरातल्या माहेरानं गाव सावरत नाही.

मग करायचं काय

खाली जे लिहितो ते कृषी विद्यापीठ आणि कापूस संशोधन संस्था दरवर्षी सांगतात, नवीन काही नाही. मी फक्त प्रत्येकाचं कारण वरच्या हिशेबाला जोडून देतो. कारण कळलं की काम होते.

१. फरदड घेऊ नका. डिसेंबर अखेर, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला पऱ्हाटी उपटा. डिसेंबरनंतर बोंडात ज्या अळ्या असतात त्या साऱ्या हंगामाचं विष पचवून राहिलेल्या, म्हणजे निवडलेलं बियाणं. फरदड ठेवणं म्हणजे त्यांना आणखी एक-दोन पिढ्या वाढवू देणं.

२. पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका. न फुटलेल्या बोंडात, दोन सरक्या चिकटवून अळी सुप्तावस्थेत पडून राहते. तीच पुढच्या जून-जुलैत पतंग होते. बारीक करून जमिनीत गाडा किंवा खत करा. जिनिंगजवळच्या गावांनी तिथल्या सरकीच्या ढिगावरही लक्ष ठेवावं.

३. मे महिन्यातली धूळपेर आणि लवकर लागवड टाळा. लवकर आलेली फुलं म्हणजे सुप्तावस्थेतून उठलेल्या पतंगाला तयार पंगत. फूलच नसेल तर ती पिढी उपाशी जाते, बब असो की टट.

४. बिगर-बीटी बी आता बऱ्याच पाकिटांत मिसळूनच येते. वेगळं आलं तर लावा. थोडी देशी कपाशी लावता आली तर तीही लावा.

५. हेक्टरी पाच कामगंध सापळे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा.

६. एकच औषध सारखं मारू नका. एक औषध म्हणजे एक चाळणी. तीच चाळणी पाच वेळा लावली की जे निघेल ते त्या औषधाला न जुमानणारंच निघेल. गट बदला. आणि फवारताना तोंड-हात झाका, २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, ते विसरू नका.

आता खरी अडचण. घरात मोठा मुलगा मला विचारतो, "बाबा, फरदडीत एकरी दोन क्विंटल निघतो. विहीर नाही, हरभरा होत नाही. दोन क्विंटल सोडून द्यायचा कशाच्या भरवशावर?" प्रश्न बरोबर आहे, मी त्याला खोडत नाही. ज्याच्याकडं पाणी आहे तो डिसेंबरात पऱ्हाटी उपटून हरभरा, गहू घेईल. कोरडवाहूवाल्याला ते दोन क्विंटल म्हणजे पोरांची फी असते. मी त्याला एवढंच म्हटलं, की ते दोन क्विंटल फुकट येत नाहीत. पुढच्या हंगामाच्या पहिल्या वेचणीतून उचल घेतल्यासारखे येतात, आणि ती उचल शेजाऱ्याच्या वावरातूनही कापली जाते. पटलं का ते माहीत नाही. मागच्या वर्षी आमच्या शिवारात पाच-सहा जणांनी मिळून डिसेंबरात पऱ्हाटी काढली. त्यात तिघांकडं विहीर होती, बाकीच्यांनी कमी दिवसांत येणारा वाण लावला होता. हाच मार्ग दिसतो मला. कमी दिवसांचा वाण, दाट लागवड, आणि एका पाणलोटातल्या लोकांनी एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढायची. एकट्यादुकट्यानं केलं तर पतंग हसतो.

"नवीन बियाणं येईल, मग बघू," असं म्हणणारे आहेत. येईलही. तिसरं जनुक येईल, चौथं येईल. पण जिथं अब्जावधी अळ्या आहेत तिथं त्या चौथ्या किल्लीलाही वाकडं कुलूप कुठंतरी असेल, हे धरून चला. नवीन बियाणं किती वर्षं चालेल ते प्रयोगशाळेत ठरत नाही. साध्या अळीला आपण किती जागा ठेवली आणि वाचलेल्या अळीला किती पिढ्या दिल्या, त्यावर ठरते.

म्हणून पारावर कोणी "अळीले सवय झाली" म्हणालं, तर त्याला थांबवा. सवय म्हटलं की दोष अळीचा होतो आणि आपल्या हातात काही राहत नाही. निवड म्हटलं की निवडणारा कोण, हा प्रश्न येतो. तिथं आपल्याला काम आहे.

ह्या आठवड्याचं काम सांगतो आणि थांबतो. वावरात तिरपं चालत वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा. मध्यम आकाराची, फार कोवळी नको, फार जून नको. धुऱ्यावर बसून एकेक फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर नुकसान दहा टक्क्यांवर गेलं, फवारणीची वेळ झाली. कमी निघाली तर फवारा वाचवा. दहावीच्या लेकराला सोबत न्या. त्याला म्हणा, बोंडातल्या सरक्या मोज आणि ९:३:३:१ नं भाग. परीक्षेत विसरणार नाही.